पेटंट शोधताना नाव नाही, कोड धरा

प्रश्न: मी इंदूरला सांवेर रोडवर फॅब्रिकेशनचं काम करतो. हवेच्या प्रेशरनं लसूण सोलणारं छोटं मशीन बनवलंय, चोइथराम मंडीतल्या दोघा व्यापाऱ्यांना दाखवलं, आवडलं. पेटंट घ्यायचंय, पण 'गार्लिक पीलर' सर्च केलं तर नुसती विकायची मशिन्स दिसतात. आधी कोणी पेटंट घेतलंय का ते कसं शोधू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: दादा, साधं गूगल नको, गूगल पेटंट्स किंवा युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पासनेट उघडा, दोन्ही फुकट आहेत, आणि भारतातल्या अर्जांसाठी आपल्या पेटंट ऑफिसचं इनपास आहेच. पण खरी अडचण शब्दांची आहे. पेटंट लिहिणारे मुद्दाम मोघम लिहितात, तुमचा गार्लिक पीलर तिथे 'कंदाची साल काढायचं उपकरण' अशा नावानं बसलेला असेल तर तुमच्या शब्दांनी तो जन्मात सापडायचा नाही. म्हणून कसंही करून तुमच्यासारखं एक पेटंट मिळवा आणि त्यावरचा क्लासिफिकेशन कोड, म्हणजे विषयानुसार पेटंटला दिलेला क्रमांक, बघा. कांदे सोलायच्या उपकरणांचा कोड आहे ए२३एन १५/०८, लसणाची मशिन्सही तिथे सापडतात. आता तो कोडच टाका आणि सोबत फक्त एअर, नॉझल, प्रेशर असे इंग्रजी शब्द एकेक करून जोडत जा. चिनी पेटंटंही येतील, ती सोडू नका, मशीन ट्रान्सलेशन तिथेच मिळतं आणि ते ओबडधोबड असलं तरी ड्रॉइंग बघून तुम्हाला लगेच कळेल. जवळचं काही सापडलं की त्यात आधीच्या कुठल्या पेटंटांचा उल्लेख आहे आणि नंतर कोणी त्याचा उल्लेख केलाय, तेही उघडून बघा.

क्लेम्स, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारी कलमं, नीट वाचा, कारण दुसऱ्याचा हक्क कुठवर आहे ते त्यावरूनच ठरतं, पण तुम्हाला पेटंट मिळेल का हे बघताना त्या जुन्या पेटंटचं अख्खं डॉक्युमेंट धरतात, ड्रॉइंगसकट. २० वर्षं उलटलेलं पेटंट वापरायला मोकळं असतं, त्याच गोष्टीवर नवं मात्र मिळत नाही. शिवाय अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे अगदी ताजे अर्ज कुठेच दिसणार नाहीत.

आणि व्यापाऱ्यांना दाखवलंत याची मला काळजी वाटते, कारण अर्जाआधीच गोष्ट उघड झाली तर पेटंट अडू शकतं. आता आणखी कोणाला दाखवू नका, व्हिडिओ तर टाकूच नका, आणि कोणाला काय दाखवलं ते पेटंट एजंटला स्पष्ट सांगून आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा, मग पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे मशीनचं सविस्तर वर्णन, द्यायला १२ महिने मिळतात.