पालो आल्टोतल्या हेरिटेज पार्कात मुलांबरोबर जिओकॅशिंग कसं करायचं, आणि स्वतःचा डबा कसा लपवायचा?

तुम्ही सनीवेलला राहता, मुलं 8 आणि 11 वर्षांची आहेत, एचपी (ह्यूलेट-पॅकार्ड) कंपनी जिथे सुरू झाली त्या गॅरेजजवळच्या छोट्या बागेत जिओकॅशिंग करून बघायचंय आणि जमलं तर स्वतःचाही एक डबा लपवायचाय, असा तुमचा प्रश्न आहे. जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा (‘कॅश’) ॲपमधल्या निर्देशांकांवरून, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून शोधायचा आणि आतल्या कागदावर नोंद करायची, असा खेळ. जागा छान निवडलीत. फक्त बाग छोटी म्हणजे शोधणं सोपं, असं समजू नका. छोट्या बागेत जीपीएसचा उपयोग फार लवकर संपतो.

कारण असं. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत चुकतं. झाडांखाली आणि भिंतींलगत सिग्नल आपटून येतात, तिथे चूक आणखी वाढते. शिवाय लपवणाऱ्याच्या फोननेही तेवढीच चूक केलेली असते. म्हणून ॲपमध्ये शून्य मीटर दिसलं, तरी डबा 7-8 मीटरवर असणं अगदी नेहमीचं आहे, आणि छोट्या बागेत तेवढ्यात तीन बाकं, एक दिवा आणि दोन झाडं येऊन जातात. बाण गोल फिरायला लागला की तो पुन्हा पुन्हा बघत बसू नका. त्याऐवजी 25-30 मीटर मागे जा, नेहमीच्या चालीने सरळ चाला आणि बाण कुठे नेतो ते लक्षात ठेवा. मग काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने तसंच या. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे फोन खिशात घाला आणि डोळ्यांनी शोधा. फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर कव्हर आधीच काढा, नाहीतर होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं.

निर्देशांक हाताने टाकणार असाल तर एक चूक हमखास होते. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, गूगल मॅप्स दशांश अंश दाखवतो. 37.443 अंश म्हणजे 37 अंश 26.580 मिनिटं, दशांशानंतरच्या भागाला 60 ने गुणायचं. तेच कोणी 37 अंश 44.3 मिनिटं असं वाचलं, तर उत्तरेला सुमारे 33 किलोमीटर, म्हणजे जवळपास सान फ्रान्सिस्कोच्या अक्षांशावर पोचेल. मिनिटाचा हजारावा भाग अक्षांशात 1.85 मीटर असतो, आणि पालो आल्टोत रेखांशात साधारण 1.47 मीटर. त्यामुळे शेवटच्या अंकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा जाताना अवघडपणा (1 ते 5 या मापात) 2 किंवा त्याहून कमी असलेला कॅश निवडा. आकार ‘स्मॉल’ असला तर उत्तम, म्हणजे 100 मिलिलिटर ते 1 लिटरचा डबा. मुलांना त्यात अदलाबदलीच्या वस्तू मिळतात. त्याहून छोट्या ‘मायक्रो’त बहुधा नुसती कागदाची गुंडाळी असते. शोधणाऱ्यांनी ॲपमध्ये लिहिलेल्या शेवटच्या नोंदी वाचायला विसरू नका: सलग दोन-तीन जणांना सापडला नसेल, तर तो डबा बहुधा गेलेला आहे, मुलांना तिथे नेऊ नका. फुकट खात्यावर ॲपमध्ये सगळे कॅश दिसत नाहीत, तेव्हा नकाशा रिकामा दिसला म्हणजे बाग रिकामी आहे असं नाही.

बाकाखालच्या पट्टीमागे चुंबकाने चिकटवलेली डबी, झाडाच्या बेचक्यात ठेवलेली गोळ्यांची बाटली, वेलीच्या बुंध्याशी ओळीत न बसणारा एखादा दगड, अशा ठिकाणी आधी बघा. अंधाऱ्या फटीत मुलांना हात घालू देऊ नका. कॅलिफोर्नियात तिथे ब्लॅक विडो कोळी असू शकतो. टॉर्च आणि काडी वापरा. चिमटा जवळ ठेवा, छोट्या डबीतला कागद त्याशिवाय निघत नाही. पेन्सिल स्वतःची न्या. कागदावर नाव आणि तारीख लिहा, वस्तू घेतली तर तेवढ्याच किमतीची ठेवा (खाऊ कधीच नाही), आणि डबा होता तसाच, त्याच जागी झाका. अधिक चांगली जागा सुचली तरी हलवायचा नाही.

आता लपवण्याकडे. दोन कॅशच्या खऱ्या डब्यांमध्ये किमान 161 मीटर, म्हणजे 0.1 मैल अंतर लागतं. हेरिटेज पार्क एका ब्लॉकाच्या आतलं आहे, त्यामुळे तिथे आधीच एक डबा असेल तर दुसऱ्याला जागा नाही. दुसऱ्या कोणाच्या मल्टी-कॅशचा (एका टप्प्यावर पुढच्याचा पत्ता मिळतो असा अनेक टप्प्यांचा कॅश) शेवटचा टप्पा नकाशावर दिसत नाही, पण नियमात तो धरला जातो. म्हणून डबा ठेवण्याआधी रिव्ह्यूअरला (नवे कॅश तपासून प्रकाशित करणाऱ्या स्वयंसेवकाला) निर्देशांक पाठवून जागा मोकळी आहे का ते विचारा.

माझा आग्रह मल्टी-कॅशचा आहे. अंतराचा नियम खऱ्या वस्तू ठेवलेल्या टप्प्यांना लागतो. तिथे आधीपासून असलेला फलक वाचायचा टप्पा त्यातून सुटतो. आणि या परिसरात वाचण्यासारखं भरपूर आहे. बागेपासून थोड्याच पावलांवर 367 ॲडिसन ॲव्हेन्यूला ते गॅरेज आहे, जिथे बिल ह्यूलेट आणि डेव्ह पॅकार्ड यांनी 538 डॉलर भांडवलावर काम सुरू केलं. 1939 साली कंपनी झाली, पहिलं उत्पादन 200ए हा ऑडिओ ऑसिलेटर, म्हणजे चाचणीसाठी ध्वनी-लहरींचे विद्युत संकेत तयार करणारं यंत्र. तिथला फलक राज्याच्या ऐतिहासिक स्थळांमधला क्रमांक 976. तिथून तीनेक ब्लॉकांवर, चॅनिंग आणि एमर्सन यांच्या कोपऱ्यावर, क्रमांक 836 आहे: फेडरल टेलिग्राफ या रेडिओ कंपनीच्या प्रयोगशाळेची मूळ जागा. 1911 ते 1913 या काळात संशोधक ली डी फॉरेस्टने तिथे व्हॅक्यूम ट्यूबचा (चिपच्या आधीच्या काळातली काचेची इलेक्ट्रॉनिक नळी) ॲम्प्लिफायर आणि ऑसिलेटर म्हणून वापर विकसित केला. सिलिकॉन व्हॅलीची गोष्ट चिपपासून सांगायची सवय झालीय, पण हा कोपरा गॅरेजच्याही पंचवीस वर्षं आधीचा आहे, आणि मुलांना तो दाखवायलाच हवा. दोन्ही टप्प्यांवरची माहिती घेऊन बागेत डबा शोधायचा, अशी आखणी चांगली बसते.

कोडं करताना नुसता स्थळ-क्रमांक विचारू नका, तो घरबसल्या इंटरनेटवर मिळतो. फलकावरच्या अमुक ओळीत किती शब्द आहेत, असं काहीतरी विचारा. दुकानाची पाटी किंवा सूचनाफलक यांवर प्रश्न बेतू नका, ते बदलतात. शेवटच्या निर्देशांकातल्या सगळ्या अंकांची बेरीजही कॅशच्या वेबपानावर द्या, म्हणजे मोजणी चुकली तर जागीच कळतं. आणि गॅरेज खासगी आवारात आहे: फूटपाथवरूनच दिसेल असा प्रश्न हवा, तसं पानावर ठळक लिहा.

डब्यासाठी चारही बाजूंनी क्लिप असलेला, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला पारदर्शक डबा घ्या. 300-500 मिलिलिटर पुरे. फिल्मच्या जुन्या डब्या वापरू नका, त्यांत पाणी शिरतं. पालो आल्टोत उन्हाळा कोरडा असला तरी बागेतले स्प्रिंकलर असतात, ते कुठवर उडतात हे बघून जागा ठरवा. पाणी बहुतेक वेळा रिंगेत अडकलेल्या पिशवीच्या कडेमुळे शिरतं, म्हणून कागदाची झिप-पिशवी डब्यापेक्षा लहान घ्या. सिलिका जेलची पुडी काही दिवसांत ओल शोषून निकामी होते, तिच्यावर भिस्त नको. बाहेरून ‘जिओकॅश’ असं इंग्रजीत आणि कॅशचा क्रमांक लिहा, म्हणजे कोणाला संशयास्पद वस्तू वाटणार नाही. खड्डा खणायचा नाही, झाडाला खिळा मारायचा नाही. मुलांच्या खेळाच्या जागेलगत तर अजिबात नको. तिथे अनोळखी मोठी माणसं घुटमळली की पालक घाबरतात, आणि ते योग्यच आहे. शहराच्या उद्यान विभागाची परवानगी आधी ईमेलवर घ्या, रिव्ह्यूअर ती मागू शकतो. त्याआधी वीसेक कॅश शोधून झालेले असावेत. कुठले डबे टिकतात ते त्यातून कळतं.

निर्देशांक घेताना फोन जागेवर दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवा, वेगवेगळ्या दिवशी चार-पाच वेळा मोजा आणि सरासरी काढा. प्रकाशित झाल्यावर पहिल्या काही नोंदी नीट वाचा. तीन जणांनी एकाच दिशेला 8-10 मीटर फरक सांगितला, तर पुन्हा जाऊन मोजा आणि पानावरचे अंक दुरुस्त करा.