रस्त्याचं नाव बजेटला लागलं, पण मंदीत काम होईल का?

तुम्ही विचारलंय की घाटंजी तालुक्यातल्या तुमच्या रस्त्याचं नाव मार्चच्या अर्थसंकल्पात आलं, आता मात्र ‘सरकारजवळ पैसा नाही’ असं ऐकू येतं, तर काम होणार का?

नाव बजेटला लागणं ही फक्त तरतूद असते. त्यानंतर वित्त विभाग निधी वितरित करतो आणि मग खर्च होतो. मंदीत कात्री लागते ती वितरणाला, पुस्तकातला आकडा तसाच छापलेला राहतो. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज थांबवता येत नाही. व्याज तर भारित खर्च, त्यावर सभागृहात मतदानसुद्धा होत नाही. कर्जालाही मर्यादा आहे: एरवी राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ३ टक्के, २०२०-२१ मध्ये केंद्राने ती ५ केली. म्हणून घाव बांधकामांवर बसतो. ६ मार्च २०२० ला अर्थसंकल्प मांडला गेला आणि ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने बहुतेक विभागांचा विकासनिधी ३३ टक्क्यांवर आणला, नवी कामं थांबवली. दोन महिनेही पुरे झाले नव्हते!

आता तुमचं काम कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खर्चाच्या खात्यात आहे ते आधी विचारा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, त्यांहून वरच्या दर्जाचे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. ऑफिसात लेखाशीर्षाच्या क्रमांकानेच, ‘तीस-चौपन्न’ (३०५४), ‘पन्नास-चौपन्न’ (५०५४), ‘पंचवीस-पंधरा’ (२५१५) असं बोलतात, तुम्हीही तसंच विचारा. फरक असा की बांधकाम विभागाचा अखर्चित निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. जिल्हा परिषदेला जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा खर्चायला पुढचंही वर्ष मिळतं.

मग टप्पा बघा. नुसती प्रशासकीय मान्यता असेल तर मंदीत ते काम सगळ्यात आधी बाजूला पडतं. कार्यारंभ आदेश निघाला असेल तर ते दायित्व, म्हणजे सरकारचं देणं ठरतं आणि पैसा आधी तिकडे जातो. समजा काम ८० लाखांचं आणि समोर तरतूद ५ लाखांची, तर ती टोकन, म्हणजे नावापुरती समजा. अशा वर्षी ठेकेदाराला घाई करायला लावणंही अंगलट येतं. देयक अडकलं की तो खडीचा एक थर टाकून निघून जातो, पावसाळ्यात खालची काळी माती फुगते, खडी रुतते आणि बैलबंडीसुद्धा धड जात नाही. पुढच्या वर्षी नव्या दरसूचीने अंदाजपत्रक वाढतं, मान्यता सुधारून घ्यावी लागते. त्यापेक्षा कमी लांबी, पण नाली आणि मोरीसकट पूर्ण करून मागा.

‘बीम्स’ या सरकारी संकेतस्थळावर तरतूद, वितरण आणि खर्च वेगवेगळे दिसतात. तिथे विभागाचे आकडे मिळतात, तुमच्या रस्त्याचे नाहीत. पण वितरण तरतुदीच्या किती मागे आहे एवढं कळलं तरी पुरे. रस्त्यासाठी उपअभियंत्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

खरी संधी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. जिल्हा नियोजनात ज्या विभागांचा पैसा खर्च होत नाही तो पुनर्विनियोजनाने दुसरीकडे वळवतात, आणि तो तयार फाइललाच मिळतो. जानेवारीअखेर तांत्रिक मान्यता, चालू दरसूचीचं अंदाजपत्रक, ग्रामसभेचा ठराव आणि रुंदीकरणात धुरा (शेताचा बांध) जात असेल तर त्या शेतकऱ्यांची लेखी संमती जोडून ठेवा. या शेवटच्या कागदापायीही फायली परत येतात.