वाचकांचे प्रश्न : मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्याचे ट्रेक

दिवाळी सरली की मुंबई-ठाण्याकडच्या पत्रांत गडांची नावं दिसू लागतात. या अंकासाठी निवडलेले प्रश्न सकाळी निघून रात्री जेवायला घरी परतायच्या ट्रेकचे आहेत.

प्रश्न : आम्ही सहा जण डिसेंबरच्या पहिल्या रविवारी माहुलीला जाणार आहोत. दोघं पहिल्यांदाच गड चढतायत. सकाळी आठच्या लोकलने निघालं तर चालेल ना? (डोंबिवली)

उत्तर : नाही, उशीर होईल. ट्रेकचा हिशेब घरून निघायच्या वेळेपासून करू नका, अंधारापासून मागे करत या. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण माहुलीच्या झाडीत साडेपाचलाच पायाखालचा दगड नीट दिसेनासा होतो. म्हणून दुपारी साडेचारला पायथ्याच्या देवळाशी परत यायचं, हे आधी ठरवून टाका.

आता चढाईचा वेळ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो आजही कामाला येतो : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला वर आणखी एक तास. माहुलीला एका बाजूचं अंतर साधारण चार किलोमीटर आणि चढ सातशे मीटरच्या आसपास धरा. दोन तास होतात. पण हा हिशेब थंड हवेतल्या सरावलेल्या गड्याचा आहे. आपली दमट हवा, सहा जणांचा घोळका आणि त्यात दोन नवखे, तेव्हा दीडपट करा. म्हणजे तीन तास. उतरायला अडीच तास लागतील. उतरताना वेळ वाचेल या भरवशावर राहू नका. दमलेल्या मांड्या आणि मुरमाचा घसारा मिळून तो वाचलेला वेळ खाऊन टाकतात.

साडेचारमधून अडीच तास वजा केले की दोन वाजता माथा सोडायला हवा. महादरवाजा, टाकं आणि आजूबाजूचे अवशेष बघायला आणि डबा खायला अडीच तास ठेवले, तर साडेअकराला वर पोचायला हवं. चढाई सुरू करायची वेळ आली साडेआठ. त्यात तासभर हाताशी ठेवा : कोणाचा पाय मुरगळेल, कोणाला दर दहा मिनिटांनी बसावं लागेल. म्हणून साडेसात. त्यासाठी डोंबिवलीहून साडेपाचच्या आसपासची आसनगाव किंवा कसाऱ्याची लोकल पकडा. टिटवाळा लोकल अलीकडेच संपते आणि कर्जतची गाडी कल्याणनंतर वेगळ्याच दिशेला जाते, तेव्हा फलाटावरची पाटी वाचूनच चढा. रविवारी वेळापत्रक वेगळं असतं. आदल्या रात्री जाण्याच्या आणि येण्याच्या दोन-दोन गाड्या कागदावर लिहून घ्या.

आसनगाव स्टेशनपासून माहुली गावाचा पायथा पाच-सहा किलोमीटरवर आहे. रिक्षावाल्याशी परतीचंही तिथेच ठरवा आणि पैसे परत आल्यावर द्या. रिक्षा नाही मिळाली तर हे अंतर दमल्या पायांनी सव्वा ते दीड तासाचं होतं. गड तानसा अभयारण्यात येतो, त्यामुळे वन खात्याचं प्रवेश शुल्क भरावं लागतं. सुटे पैसे ठेवा.

वाटेवर सर्वांत कमी वेगाने चालणारा दुसऱ्या क्रमांकावर आणि वाट माहीत असलेला एक जण शेपटीला, अशी रांग धरा. नवख्याला मागे टाकलं की तो धावत-पळत गाठतो, तेवढ्यात पुढचे विश्रांती संपवून उठलेले असतात, आणि त्याला बसायलाच मिळत नाही. माथ्याच्या खाली लोखंडी शिडी लागते. तिथे एका वेळी एकच माणूस. काठी पाठपिशवीला बांधा, पिशवीचे पट्टे आवळा, दोन्ही हात मोकळे ठेवा. उतरतानाही तोंड शिडीकडेच हवं. बाहेर तोंड करून उतरताना पिशवी पायरीला अडकते आणि माणूस पुढे ढकलला जातो.

बारा वाजेपर्यंत शिडी गाठली नसेल तर तिथूनच मागे फिरा. हे घरी, सगळ्यांसमोर ठरवून जा. वर गेल्यावर ‘आता आलंच की’ म्हणणारा एक तरी निघतोच. पहिल्या खेपेला भंडारगडापर्यंत, म्हणजे माहुलीला लागूनच असलेल्या गडापर्यंत, जायचा बेतही नको. मधली झाडी दाट आहे आणि त्या फेरीतच दोन तास जातात.

प्रश्न : गेल्या फेब्रुवारीत एका गडावर दोन लिटर पाणी प्यायलो, तरी उतरताना पोटऱ्यांत गोळे आले. पाणी कमी पडलं का? (बोरीवली)

उत्तर : पाणीही कमी पडलं आणि मीठही, असं दिसतं. घाम आला म्हणून शरीर गार होत नाही, तो वाळला की होतं. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम वाळायच्या आधीच ठिबकून जातो, म्हणून शरीर आणखी घाम काढत राहतं. पुण्याच्या माणसाला जो चढ सोपा वाटतो, तोच मुंबईच्या अंगावरच्या डोंगरात दमवतो, याचं हे कारण. अशा वेळी नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मिठाचं प्रमाण आणखी उतरतं.

चढाच्या प्रत्येक तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. हिवाळ्यात माणशी तीन लिटर, मार्चपासून चार. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्या. यातल्या एका लिटरात ओआरएसचं पाकीट घाला. मोठं पाकीट पूर्ण एका लिटरसाठीच असतं, ते अर्ध्या बाटलीत ओतू नका. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपायच होतो. जोडीला चिक्की, खजूर, भाजलेले शेंगदाणे ठेवा.

एक बाटली अर्धी भरून आडवी करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि निघताना वरून पाणी भरा. बर्फ एका बाजूला राहतो आणि दुपारपर्यंत पाणी गार मिळतं. टाक्यातलं पाणी स्वच्छ दिसलं तरी गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, पाकिटावर लिहिलेला वेळ थांबूनच प्या.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, पाय लटपटायला लागले, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. पिण्यासाठी राखलेलं पाणी संपलं तरी चालेल. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि लगेच १०८ किंवा ११२ ला फोन करा.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी घेतलेले महागडे बूट जेमतेम तीनदा वापरले. परवा चढावरच तळवा सुटला. कंपनीने फसवलं का? (वसई)

उत्तर : फसवणूक नसावी. बहुतेक ट्रेकिंग बुटांत बाहेरचा रबरी तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा फेस असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याची हळूहळू झीज होते, आणि मुंबईच्या कपाटात, खोक्यात बंद ठेवलेल्या बुटात तर जास्तच. बूट नवाकोरा दिसतो आणि आतून भुगा झालेला असतो.

निघायच्या आठवडाभर आधी टाचेवरच्या त्या थरात अंगठ्याचं नख दाबा. खळगा पडून राहिला, भेग दिसली किंवा भुकटी निघाली तर ते बूट डोंगरावर न्यायचे नाहीत. सुटलेला तळ गोंदाने पुन्हा चिकटवला तरी टिकत नाही, कारण ज्याला चिकटवायचं तो थरच कुजलेला असतो. वापरून झाल्यावर बूट सावलीत पूर्ण वाळवा, वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा आणि खोक्याऐवजी उघड्या रॅकवर ठेवा. महिन्यातून एकदा घालून फिरा. पिशवीत दोन मीटर जाड दोरी ठेवली की वाटेत तळ सुटला तरी बुटाभोवती आडवी-तिडवी बांधून पायथा गाठता येतो.

नवे घेताना किंमत बघण्यापेक्षा रबर बघा. नखाने दाबल्यावर किंचित दबणारं, खोल खाचांचं रबर कातळावर धरतं. कडक, चकचकीत तळ घसरतो. पायमोज्यासकट, संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना घालून बघा आणि पुढे बोटभर जागा ठेवा, नाहीतर उतरताना नखं काळीनिळी होतात.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. तिचा पहिला गड कोणता? (ठाणे)

उत्तर : कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला. आंबिवली गावातून रुंद वाटेने पेठ गावापर्यंत चढायचं, तिथे चहा-पोहे मिळतात, आणि मग शेवटचा छोटा चढ. मुलांना इथे खरंच बघण्यासारखं काही मिळतं : कोरीव खांबांची गुहा, आणि सुळक्याच्या पोटातून खोदत वर नेलेला जिना. आतल्या पायऱ्या उंच आहेत, तेव्हा तिथे मोठं माणूस मुलीच्या मागे असू द्या.

एक घोटाळा टाळा. ही आंबिवली कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढे आहे. कल्याण-टिटवाळ्याच्या मधलं आंबिवली स्टेशन वेगळं. फोनवर पत्ता टाकताना बरेच जण फसतात. तुम्ही कर्जत किंवा नेरळला उतरा आणि कशेळेमार्गे या. कलावंतीण, गोरखगड, चंदेरी ही नावं मात्र अजून काही वर्षं राहू द्या.

प्रश्न : उतरताना वाट चुकलो आणि दोन तास करवंदीच्या जाळीत अडकलो. जाताना तर वाट स्पष्ट होती. (पनवेल)

उत्तर : चढताना सगळ्या फाटे-वाटा एका माथ्याकडे मिळत जातात. उतरताना त्याच फुटत जातात. त्यात ढोरवाटा असतात. गुरांनी मळलेली वाट माणसाच्या वाटेइतकीच ठळक दिसते, पण ती चाऱ्याकडे किंवा पाण्याकडे जाते आणि मधेच विरते. ओळखायची कशी? डोक्याच्या उंचीला फांद्या लागू लागल्या आणि पायाखाली बुटांचे ठसे, रॅपर, दगडावरचे बाण असं काहीच दिसेना, की ती बहुधा ढोरवाट.

चढतानाच प्रत्येक फाट्यावर मागे वळून फोटो काढा. परतताना वाट कशी दिसेल, तेच त्या फोटोत असतं. नकाशा घरीच उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. रेंज शोधण्यातच बॅटरी जाते. जीपीएस मात्र विमान मोडवरही चालतं.

चुकलात हे कळलं की शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत वर चढून जा. थकलेल्या माणसाला हे नकोसं वाटतं, आणि म्हणून तो ओढ्यातून सरळ खाली उतरू लागतो. सह्याद्रीत ओढा कुठे ना कुठे कड्यावरून उडी घेतोच. खाली गाव दिसत असतं आणि मधे पन्नास फुटांचा कातळ उभा असतो, परत वर चढणंही अवघड होऊन बसतं. अंधार पडलाच तर सपाट जागी सगळे एकत्र बसा, ११२ ला फोन करून जागेचे अक्षांश-रेखांश सांगा, आणि मग जागा सोडू नका.

प्रश्न : पावसाळी ट्रेकला ओढा किती पाण्यात ओलांडावा? (कल्याण)

उत्तर : वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की ओलांडू नये. पाण्यापेक्षाही त्याच्या बदलाकडे लक्ष द्या. नितळ पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, खळखळीचा आवाज घोगरा झाला, तर वर कुठेतरी पाऊस कोसळतोय, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. दगड हलतात, त्यांची घरघर पाण्याखालून ऐकू येते. अशा वेळी काठ सोडून उंचावर थांबा. आपले ओढे झटकन चढतात तसे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतातही. म्हणून जेवणाचा एक जादा डबा आणि टॉर्च नेहमी सोबत हवा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी बेत रद्द करा. जिल्हा प्रशासन काही ठिकाणी बंदीही घालतं, तीही बघून निघा.

प्रश्न : कर्नाळ्याला मधमाश्यांची भीती खरी आहे का? (खारघर)

उत्तर : खरी आहे. सुळक्याला आग्या माश्यांची पोळी असतात. अत्तर, डिओ, तंबाखूचा धूर, आरडाओरडा, दगड मारणं यातलं काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं कपड्याने झाका आणि वाटेने दूर जात राहा. हात झटकू नका. नंतर काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास कोंडला, तर थेट रुग्णालयात न्या.

प्रश्न : डिसेंबरमध्ये हाताला भयंकर खाज सुटली, पाण्याने धुतल्यावर आणखी पसरली. (डोंबिवली)

उत्तर : खाजकुइली असणार. दिवाळीनंतर वेलीवरच्या तपकिरी शेंगांची लव वाऱ्यानेही उडते. चोळू नका आणि लगेच धुऊही नका, त्याने ती पसरते. चिकटपट्टी दाबून लावा आणि ओढून काढा. दर वेळी नवा तुकडा घेऊन पाच-सहा वेळा तेच करा, मग साबणाने धुवा. कपडे उलटे करून वेगळे धुवायला टाका. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पॅन्ट घातली तर बहुतेक वेळा हा प्रसंग येतच नाही.