बाडेन-बाडेनला पहिल्यांदा थर्मल बाथला जाताना

अगं, तू विचारलंयस की नवऱ्याच्या वाढदिवसाला जर्मनीतल्या बाडेन-बाडेनला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, जायचंय, पण "तिथे सगळे कपड्यांशिवाय असतात" हे ऐकून धीर होत नाहीये आणि सॉनात (घाम काढायच्या गरम लाकडी खोलीत) स्विमसूट चालेल का. मी जवळच्याच कार्ल्सरूहला १४ वर्षं राहतेय, तिकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी जाणं होतं, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी हे समजून घे की तिथे दोन वेगवेगळ्या जागा आहेत आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. काराकाला थेर्म ही १९८५ची, तिथे खालच्या सगळ्या गरम पाण्याच्या तलावांत स्विमसूट घालूनच जायचं असतं, आतले-बाहेरचे तलाव, पाण्याचे फवारे, सगळं. कपडे काढायचे ते फक्त वरच्या सॉना विभागात. म्हणजे तू वर गेलीच नाहीस तरी तुझा दिवस छान जाईल. फ्रीडरिक्सबाड मात्र १८७७चं, रोमन-आयरिश पद्धतीचं, तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत कपड्यांशिवायच, १७ टप्पे ठरलेल्या क्रमाने करायचे, आधी गरम हवा, मग साबण-ब्रशने घासणं, वाफ, मग हळूहळू गार होत जाणारं पाणी आणि शेवटी पांघरुणात गुंडाळून झोप. मला विचारशील तर फ्रीडरिक्सबाड जास्त आवडतं, पण पहिल्यांदाच जाताय तर काराकालाच करा.

आता सॉनात स्विमसूट का नाही, तर तिथले लोक हे स्वच्छतेच्या दृष्टीने बघतात, सिंथेटिक कापड घाम आणि पाणी धरून ठेवतं आणि गरम लाकडावर ते नको असतं. म्हणून मोठा टॉवेल न्यायचा आणि तो असा पसरायचा की पावलंसुद्धा टॉवेलवरच आली पाहिजेत, घामाचा थेंब लाकडाला लागता कामा नये. हा नियम मोडला तर लोक स्पष्ट सांगतात, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. बाकी चालता-फिरताना बाथरोब किंवा टॉवेल गुंडाळता येतो. आणि खरं सांगते, कुणी बघत नाही. सत्तरीच्या आज्या, ऑफिसातले लोक, बाळंतपणाचे व्रण असलेल्या बायका, सगळे आपापले डोळे मिटून बसलेले असतात. आपल्याकडे वज्रेश्वरीच्या कुंडावरही बायकांची वेगळी सोय असते, त्या सवयीतून आलेली लाज एका दिवसात जात नाही, माझी तिसऱ्या खेपेला गेली. तोवर डामेनसाउना म्हणजे फक्त बायकांचा दिवस असलेली जागा शोधली तरी चालेल, बऱ्याच शहरांत असतो.

माझी चूक तू करू नकोस. पहिल्या वेळी मी एका ठिकाणी ९० डिग्रीच्या सॉनात थेट सगळ्यात वरच्या बाकावर बसले, उष्णता वरच साठते हे माहीतच नव्हतं, बाहेर आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंत धरून उभी राहिले. तू खालच्या बाकावर बस, ८-१० मिनिटं पुरे, आणि त्याआधी ६० डिग्रीच्या बायो-सॉनापासून, म्हणजे कमी गरम असलेल्या सॉनापासून, सुरुवात कर. आत जाण्यापूर्वी शॉवर घेऊन अंग नीट कोरडं कर, कोरड्या अंगाला घाम चांगला येतो. डोक्याला तेल किंवा अंगाला लोशन लावून जाऊ नकोस. मंगळसूत्र, कानातलं काढून ठेव, धातू इतका तापतो की चटका बसतो. (जर्मनीतल्याच आखेनच्या गरम पाण्याच्या बाथला कधी गेलीस तर चांदीची जोडवीही काढ, तिथलं पाणी गंधकाचं आहे, चांदी काळी पडते.)

बाहेर आलं की आधी मोकळ्या हवेत दोन मिनिटं चाल, मग पायापासून वर हातांकडे गार पाणी घे, आणि मग पडून राहायचं. आपले लोक नेमकं हेच टाळतात, तिकिटाचे पैसे वसूल करायला या सॉनातून त्या सॉनात पळतात. अगं, आराम तो पडून राहण्यातच आहे! रूहेराउममध्ये, म्हणजे विश्रांतीच्या खोलीत, निदान २० मिनिटं काढ, तिथे कुजबुजसुद्धा चालत नाही. अशा दोन फेऱ्या झाल्या की पुरे. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नकोस.

आउफगुस जमला तर नक्की कर, तापलेल्या दगडांवर सुगंधी पाणी ओततात आणि सॉनामास्टर टॉवेल फिरवून गरम हवा सगळ्यांवर मारतो. वेळेआधी जाऊन बस, सुरू झाल्यावर मध्येच दार उघडून आत शिरणं फार वाईट समजतात, बाहेर पडायला मात्र कधीही हरकत नाही, जीव घाबरला तर लगेच निघ.

मोबाईल लॉकरमध्येच. तिकीट तासांवर असतं आणि वेळ उलटली की जास्तीचे पैसे भरावे लागतात, म्हणून दोन तासांचं घेऊ नका, तीनचं तरी घ्या, कपडे बदलणं आणि केस वाळवणं यातच अर्धा तास जातो. स्टेशन गावाबाहेर ओसला आहे, तिथून बस घ्यावी लागते. परतीची गाडी उशिराची काढा आणि डब्यात थोडा दहीभात घेऊन जा, बाहेर आल्यावर जी भूक लागते ना, ती तिथल्या केकने भागत नाही.