तळटिपा आधी की कथा आधी?

प्रश्न : मार्क झेड. डॅनिएलेव्स्की यांची ‘हाउस ऑफ लीव्ह्‌ज’ ही इंग्रजी कादंबरी मी दोनदा वाचायला घेतली आणि दोन्ही वेळा नवव्या प्रकरणात थांबले. उलटा छापलेला मजकूर आणि टिपांच्या टिपा यांत कथाच हरवते. मूळ कथा आधी वाचून टिपा नंतर वाचल्या तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे करू नये, असे मला मनापासून वाटते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत व्हर्जिनियातील एक घर आतून मोजल्यावर बाहेरच्या मापापेक्षा पाव इंच जास्त भरते. त्या घरावरील चित्रपटाविषयी झांपानो हा अंध वृद्ध प्रबंध लिहितो. आणि त्याच्या मृत्यूनंतर ती बाडे हाती लागलेला जॉनी ट्रुअंट, असा चित्रपट अस्तित्वातच नाही, हे आरंभीच सांगतो. झांपानोच्या वाक्यात एक शब्द आपणच घातल्याची कबुली जॉनी तळटिपेत देतो. ती टीप मागे ठेवली, तर वरच्या मजकुरावर आपण नको तितका विश्वास ठेवून बसतो. कोण बोलत आहे, हे अक्षराच्या वळणावरून ओळखता येते : जॉनीचे अक्षर टाइपराइटरसारखे आहे.

नवव्या प्रकरणात माणसे घरातल्या चक्रव्यूहात भरकटतात आणि पानही तसेच मांडले आहे. मधोमध मूळ संहिता आणि वर-खाली बारीक अक्षरांत टीका, अशी मांडणी आपल्या जुन्या त्रिपाठ पोथ्यांत असे. पण तिथे टीका वाट दाखवते, इथे ती मुद्दाम चुकवते. म्हणून पुस्तक फिरवण्याचा कंटाळा करू नका. मात्र इमारतींच्या आणि वास्तुविशारदांच्या नावांच्या लांबलचक याद्यांवरून नुसती नजर फिरवली तरी पुरे. पुढच्या प्रकरणात पानावर मोजकेच शब्द उरतात आणि पाने भराभर उलटू लागतात. त्या वेगाचा थरार नवव्या प्रकरणात दमल्यावाचून कळत नाही.

तिसऱ्या वेळी पहिल्या पानापासून आरंभ करू नका. पाचव्या प्रकरणात संपादकांची एक टीप परिशिष्टातील जॉनीच्या आईच्या पत्रांकडे पाठवते, तिचे ऐका. त्यांतील एक पत्र सांकेतिक असून प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर जोडत गेल्यास उलगडते, तेव्हा पेन्सिल जवळ असू द्या. ती पत्रे वाचून झाली की मग नववे प्रकरण उघडा.