बाइकवर सामान बांधायचे बेल्ट आणि प्लास्टिकच्या क्लिपा एका उन्हाळ्यातच का जातात?

तुम्ही तंबू आणि मॅट बाइकला बांधून नागपूरहून चिखलदऱ्याला जाता, दर उन्हाळ्यात क्लिप तडकते, आणि आता लोखंडी घ्यावी का असं विचारताय. घ्या, पण आधी गाडी दिवसभर कुठे उभी असते ते बघा. ऑफिसबाहेर उघड्यावर असेल आणि बेल्ट कॅरियरलाच अडकलेले राहत असतील, तर क्लिप प्रवासात तुटलेली दिसते, पण ती खराब होते ती पार्किंगमध्येच.

आपलं ऊन साधं नाही. २३ मे २०१३ ला इथे नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तो सावलीतला आकडा. उन्हातली काळी क्लिप त्याहून कितीतरी जास्त तापते. तरी ती वितळत नाही, नायलॉन वितळायला दोनशेच्या वर अंश लागतात. खरं नुकसान अतिनील किरण करतात. त्यांनी वरचा थर पांढुरका, खडूसारखा होतो आणि मग बारीक भेगा पडतात. त्यात नायलॉनला चिवट राहायला थोडा ओलावा लागतो. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत तो उडून जातो, म्हणून पावसाळाभर नीट चाललेली क्लिप नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, टक्कन तुटते. अशी क्लिप पाण्यात भिजवून ठेवली तर थोडी लवचिक होते, पण उन्हाने खाल्लेलं काही भरून येत नाही. दाबायचे दोन काटे मुळाशी जिथे वाकतात, तिथे पांढरी रेष दिसली की फेकून द्या.

मला मात्र क्लिपेपेक्षा बेल्टची जास्त काळजी वाटते. क्लिप निदान आवाज करून तुटते. बेल्ट गुपचूप कमजोर होत जातो आणि घाटात सुटतो. मीटरवर मिळणारा स्वस्त, चकचकीत बेल्ट बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि उन्हापुढे तोच सगळ्यात आधी हार मानतो. ओळखायचं असेल तर टोकाचा छोटा तुकडा कापा, भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवा आणि दाबून आतली हवा काढा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही बुडतात.

बुडणाऱ्या दोघांत मी पॉलिस्टर घेतो. नायलॉन मजबूत आहे, पण पाणी पिऊन ताणतो. इथे कोरड्यात घट्ट आवळलेला बेल्ट चिखलदऱ्याच्या पावसात ढिला पडतो. पॉलिस्टर फारसा ताणत नाही आणि उन्हातही जास्त टिकतो.

हुकवाल्या रबरी दोऱ्या तंबूसाठी नकोच. हुक निसटला तर थेट डोळ्यावर येतो.

तर तंबूला पॉलिस्टरचा बेल्ट आणि दाबून पकडणारी धातूची क्लिप. ती उन्हात चटका देते आणि गाडीचा रंग खरवडते, म्हणून खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. मॅटसारख्या हलक्या सामानाला प्लास्टिकची चालेल, फक्त काळी घ्या. काळ्या रंगात बहुतेक वेळा कार्बन असतो, तो अतिनील किरण आतपर्यंत जाऊ देत नाही. शिलाई उसवली तर मोच्याकडून पॉलिस्टरच्याच दोऱ्याने घालून घ्या, सुती दोरा पावसात कुजतो. आणि सामान उतरवलं की बेल्टही सोडून डिक्कीत टाका.