ग्रेड 8 झाली, आता कुठे अर्ज करायचा?

‘ग्रेड 8 डिस्टिंक्शनमध्ये झाली. आता पियानोसाठी सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं?’ ग्रेड 8 म्हणजे पाश्चात्य संगीताच्या ग्रेड परीक्षांतली शेवटची पायरी. ती झाली की हल्ली हा प्रश्न घेऊन बरेच पालक माझ्याकडे येतात. यादी बहुधा तयारच असते, इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मसारखी रँकिंगने लावलेली.

नाशिकच्या एका कुटुंबाचंही तसंच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी अकरावी सायन्सला. बाबा कारखान्यात प्रॉडक्शन बघणारे, त्यामुळे एक्सेल चोख. न्यूयॉर्कची ज्युलियार्ड, फिलाडेल्फियाची कर्टिस, लंडनची रॉयल अकॅडमी, खाली जर्मनीतली काही नावं. कर्टिस चक्क ‘सेफ’ म्हणजे हमखास मिळेल अशा रकान्यात, कारण तिथे फी नाही! खरंच नाही, 1928 पासून तिथे कोणाकडूनच ट्यूशन फी घेत नाहीत. पण म्हणूनच जगभरातून अर्ज येतात आणि पियानोच्या जागा निघतात त्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मी मुलीला विचारलं, ‘आत्ता समोर नोटेशन न ठेवता काय काय वाजवशील?’ ती गप्प झाली. परीक्षेचे तीन पीसेस पक्के होते, पण कागद बघून. ग्रेडच्या परीक्षेत ते चालतं, ऑडिशनमध्ये बहुतेक ठिकाणी नाही. बाखचा प्रिल्यूड आणि फ्यूग, हायडन, मोझार्ट किंवा बीथोव्हनचा सोनाटा, शोपँ किंवा लिस्टचा एखादा एट्यूड, एक मोठी रोमँटिक रचना, काहीतरी विसाव्या शतकातलं. थोड्याफार फरकाने मागणी हीच, आणि सगळं पाठ. ग्रेड 8 ला मी हिणवत नाही, पण तिथून इथवर यायला रोज काही तास बसणाऱ्या मुलालाही वर्ष-दीड वर्ष सहज लागतं.

मग दुसरा प्रश्न विचारला. ‘तुला शिकायचंय कोणाकडे?’

त्याचा रोख आईला लगेच कळला, कारण ती लहानपणी गाणं शिकलेली. गवयाला ‘कुठल्या कॉलेजात होतात’ असं आपल्याकडे कोणी विचारत नाही, ‘तालीम कोणाची’ असं विचारतात. पियानोचंही तेच. चार वर्षं दर आठवड्याला ज्याच्या शेजारी बसून शिकायचं, तो माणूस संस्थेच्या नावापेक्षा महत्त्वाचा. नामांकित प्राध्यापक वर्षातला बराच काळ मैफलींच्या दौऱ्यावर असेल, तर तुमच्या वाट्याला त्याचा असिस्टंट येऊ शकतो. रँकिंगमध्ये हे दिसत नाही.

तेव्हा मुलीने यादी बाजूला ठेवली आणि शिक्षक शोधायला लागली. त्यांचं वादन ऐकलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या विद्यार्थ्यांचं ऐकलं. निवडक जणांना ईमेल केले: मी कोण, काय वाजवते, ही माझ्या रेकॉर्डिंगची लिंक, ट्रायल लेसन मिळेल का? बाबांना हा वशिला वाटला. पण युरोपात ही रीतच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुष्कळांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी ऑनलाइन वेळ दिली. एकाने सोनाटा पूर्ण ऐकून तोंडभर कौतुक केलं. दुसऱ्या बाईंनी तिला बाखच्या पहिल्या चार बारच्या (तालाच्या आवर्तनांच्या) पुढे जाऊच दिलं नाही. एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींपैकी मधली एकटी गा, आता वाजव, पुन्हा गा. दाराबाहेर आईचा जीव वरखाली होत होता. पोरगी रडतच बाहेर येणार असं तिला वाटलं. पोरगी आली ती ‘मला यांच्याकडेच जायचंय’ म्हणत.

बाई जर्मनीतल्या, त्यामुळे पैशाचा हिशेबही बदलला. तिथल्या बहुतेक सरकारी म्युझिक होखशूलमध्ये, म्हणजे संगीताच्या उच्च शिक्षणसंस्थांमध्ये, ट्यूशन फी नसते, सेमिस्टरचं छोटं शुल्क असतं. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो दाखवायचे, म्हणजे 10 लाख रुपयांहून जास्त. हा आकडा 2024 मध्ये ठरलेला, अर्जाच्या वेळी नवा बघावाच. नोकरीचं काय, हे बाबांनी विचारलंच. केवळ मैफलींवर जगणारे पियानिस्ट सगळीकडेच थोडे. बाकीचे शिकवतात, गायकांना साथ करतात, ऑपेरात गायकांच्या तालमी घेतात. कर्ज काढायचं असेल तर त्याचा हप्ता पियानो शिक्षकाच्या पगारात बसतो का, एवढंच बघा, असं मी म्हटलं. अमेरिकेची नावं त्या संध्याकाळी कमी झाली.

खरी अडचण वेळापत्रकाची असते. ब्रिटनमधल्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरींचे (संगीत महाविद्यालयांचे) अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, तेही पुढच्या सप्टेंबरसाठी. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मुदत 1 डिसेंबर, व्हिडिओसकट; आणि त्यातून निवड झाली तर प्रत्यक्ष ऑडिशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, म्हणजे नेमकी आपली बारावीची बोर्डाची परीक्षा. जर्मनीतली हिवाळी सत्राची प्रवेशपरीक्षा बहुधा मे ते जुलैमध्ये येते. तरीही मी बारावीनंतर एक वर्ष थांबायला सांगितलं. आजीच्या लेखी ‘गॅप’ म्हणजे नापास. पण जर्मन भाषा आणि स्वर ऐकून लिहिण्याची तयारी बोर्डाच्या अभ्यासाबरोबर होणं अवघड होतं. थिअरी आणि कानाच्या या परीक्षेत आपली मुलं बोटं तयार असूनही मागे पडतात.

अर्जासोबतचा व्हिडिओ घरच्या अपराइटवर (उभ्या, छोट्या पियानोवर) करायचा म्हटलं, तर पावसाळी हवेने पट्ट्या जड झालेल्या. शेवटी मुंबईत ग्रँड पियानो असलेला हॉल तासांवर घेतला. आदल्या दिवशी ट्यूनर बोलावला, पंखे बंद ठेवले, हात आणि चेहरा दोन्ही दिसतील असा कॅमेरा लावला. प्रत्येक रचना एका टेकमध्ये, कापाकापी नाही.

पहिल्या होखशूलने ‘पात्र, पण जागा नाही’ असं कळवलं. तिकडे असं होतं. परीक्षा पास होऊनही त्या वर्षी वर्गात जागा नसते. दुसरीकडे, बाईंच्या वर्गात, जागा मिळाली. व्हिसाची फाइल चालू आहे आणि घरात सध्या वाद आहे तो अपराइट विकायचा की ठेवायचा यावर. मला विचाराल तर ठेवावा. सुट्टीत आली की रियाज कशावर करणार?